नोंदवहीतला इंजिनिअर : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

तेलंगणात इंजिनिअर्स डे वर्षातून दोनदा येतो. ११ जुलैला नवाब अली नवाज जंग बहादूर यांची जयंती. निजामाच्या राज्याचे हे मुख्य अभियंते. निजामसागर धरण १९२३ ते १९३१ या काळात त्यांच्याच देखरेखीखाली उभं राहिलं. दुसरा दिवस १५ सप्टेंबर, तो साऱ्या देशाबरोबर. त्या दिवशी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची जयंती असते. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात, जिथे पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो आणि बाजारात तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू एकाच वेळी कानावर पडतात, तिथेही दोन्ही दिवशी फोटोला हार पडतो, भाषणं होतात, चहा होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी परत साइटवर.

भाषणांत विश्वेश्वरय्या द्रष्टे असतात, महान असतात, भारतरत्न असतात. सगळं खरं आहे. पण नुकत्याच साइट इंजिनिअर म्हणून लागलेल्या मुलाला किंवा मुलीला त्यातून हाती काय लागतं? तिला उद्या सकाळी आठला स्लॅबचं सळईकाम तपासायचंय, दुपारी सिमेंटचा इंडेंट द्यायचाय, ठेकेदाराचं बिल अडलंय, मुकादम दोन गवंडी कमी घेऊन आलाय. या धबडग्यात द्रष्टेपण कुठे बसवायचं?

म्हणून या लेखात त्यांच्या मोठेपणाकडे थोडं खालून बघू. हा माणूस रोज काय करत होता, ते बघू. कारण त्यांचं आयुष्य नीट वाचलं तर एक गोष्ट जाणवते. त्यांची मोठी कामं एखाद्या चमत्कारी कल्पनेतून झाली नाहीत. जाऊन बघणं, मोजणं, लिहून ठेवणं आणि वेळेत कळवणं या चार साध्या सवयींतून ती झाली. या सवयी आजही साइट इंजिनिअरच्या कामाचा कणा आहेत. आणि त्या मोडल्या की काय होतं, हे आपल्या मराठी मुलखाने आणि आदिलाबादनेही भोगलेलं आहे.

मुद्देनहळ्ळी ते पुणे

विश्वेश्वरय्यांचा जन्म आजच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. घर विद्वानांचं, पण पैशाने बेताचं. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे जाणकार. ते मुलगा शाळेत असतानाच गेले. पुढे बंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना विश्वेश्वरय्या शिकवण्या करून आपला खर्च भागवत. १८८१ मध्ये बी. ए. झाले.

त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याला आले, कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग शिकायला. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, तीच ही संस्था. १८८३ च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले. या यशावर त्यांना सरळ मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंत्याची नोकरी मिळाली. १८८४ मध्ये ते नाशिकला रुजू झाले.

म्हणजे पुढची जवळजवळ चोवीस वर्षं हा कन्नड माणूस प्रामुख्याने आपल्या मुलखात राबला. नाशिक, खानदेश, पुणे हीच त्यांची खरी प्रयोगशाळा. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, गोखले अशा मंडळींत त्यांची ऊठबस होती. आपण त्यांना म्हैसूरचे दिवाण म्हणून ओळखतो, पण साइट इंजिनिअर म्हणून ते घडले ते महाराष्ट्रातल्या नद्यांवर.

पांझरेचा पूर

नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. धुळे भागात पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाण्याचा नळ पलीकडे न्यायचं काम त्यांच्याकडे आलं. अशा कामाला सायफन म्हणतात. एका काठावरून पाणी नळात उतरतं, नदीच्या तळाखालून जातं आणि पलीकडे आपल्याच दाबाने वर चढतं. कागदावर सोपं. पण नळ बसवायला नदीच्या पात्रात खणावं लागतं, आणि काम सुरू झालं तेव्हा पावसाळा तोंडावर होता.

पाऊस आला, नदीला पूर आला, खणलेला पाया वाळूने भरून गेला. तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना लिहून कळवलं, की पाऊस संपेपर्यंत काम थांबवावं. वरिष्ठ गोरे अधिकारी. त्यांना वाटलं, पोरगा जबाबदारी टाळतोय. तशी नाराजी त्यांनी कागदावर उतरवली. नोकरीच्या सुरुवातीलाच असा शेरा लागणं म्हणजे काय, हे सरकारी खात्यात काम केलेल्या कुणालाही विचारा.

विश्वेश्वरय्यांनी वाद घातला नाही, हातावर हात ठेवूनही बसले नाहीत. पात्रात उतरून पुरातून वाट काढत त्यांनी काम पुढे रेटलं आणि पुरं केलं. मग त्याच अधिकाऱ्याने आपली नाराजी मागे घेतली आणि त्यांची तारीफही केली.

ही गोष्ट सहसा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, ती साइटवरच्या माणसाने विसरू नये. धोका दिसला तेव्हा त्यांनी तो लेखी कळवला. तोंडी नाही, मुकादमाकरवी निरोप पाठवून नाही. वरिष्ठाचा निर्णय वेगळा आला, तोही कागदावर आला. यामुळे पुढे काय घडलं, कोणी काय पाहिलं आणि कोणी काय ठरवलं, याला पुरावा राहिला. नव्या इंजिनिअरला वाटतं, की लिहिलं तर साहेब चिडतील. साहेब चिडतातही. पण न लिहिलेला धोका कामावरच्या मजुराच्या अंगावर येतो, आणि तेव्हा तो सगळ्यांना आधीपासून माहीत होता असं निघतं. फक्त तो कुठेच लिहिलेला नसतो.

सक्करची विहीर, खडकवासल्याचे दरवाजे

दहाएक वर्षांनी, १८९४ मध्ये, त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवलं. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. शहराला सिंधू नदीचं पाणी द्यायचं होतं, पण ते गढूळ, आणि गाळण्याच्या टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसे नाहीत. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाहत्या पाण्यापासून विहिरीपर्यंत झिरपताना मधली वाळूच गाळणीचं काम करू लागली. आपल्याकडे नदीच्या वाळवंटात झरे खणून प्यायचं पाणी काढतात, तीच युक्ती. पण त्यांनी ती मोजून, शहराच्या गरजेला पुरेल अशी करून दाखवली.

मग पुणे. शहराला आणि कालव्याला पाणी देणारा खडकवासला तलाव दर पावसाळ्यात सांडव्यावरून भरभरून वाहायचा, आणि उन्हाळ्यात पाणी पुरायचं नाही. धरणाची भिंत उंच करणं खर्चाचं, शिवाय जुन्या भिंतीवर भार वाढवणारं. त्यांनी पुराच्या नोंदी पाहिल्या. सांडव्यावरून पाणी किती फूट चढून जातं, हे त्यांत होतं. मग त्या उंचीपर्यंत पाणी अडवून ठेवणारे दरवाजे सांडव्यावर बसवायचं ठरलं. वैशिष्ट्य असं, की पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे आपोआप उघडायचे, आणि खाली आलं की आपोआप मिटायचे. रात्री-अपरात्री पूर आला तरी माणसाने धावत जायची गरज नाही. १९०३ च्या सुमारास ते बसले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही ही पद्धत गेली.

त्याच काळात नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. कालव्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी भरमसाट पाणी घ्यायचा, शेपटाकडचा कोरडा राहायचा. त्यांनी जमिनीचे गट पाडले. गटातल्या एका हिश्श्यात ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि हे हिस्से पाळीपाळीने बदलायचे. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर गावकऱ्यांनीच चालवलेली फड पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. तिथेही शिवाराचे फड पाडून, एका फडात एकच पीक घेऊन, पाटकऱ्यामार्फत पाणी वाटलं जायचं. त्या भागात काम केलेल्या माणसाच्या नजरेतून ती सुटली नसणार. शेतकऱ्यांकडून विरोध झाला. विश्वेश्वरय्या लोकांना भेटले, हिशेब समजावून सांगितला, मग योजना पुढे सरकली.

सक्कर, खडकवासला, नीरा. तिन्ही ठिकाणी सुरुवात नवं बांधण्यापासून झाली नाही. आधी आहे ते पाणी किती, कुठून येतं, कुठे वाया जातं, हे मोजण्यापासून झाली.

मुसीचा पूर

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. हिंदी माणसाला मुख्य अभियंत्याची खुर्ची मिळायची चिन्हं नव्हती. ते परदेश दौऱ्यावर निघाले.

त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादेत मुसी नदी कोपली. शमशाबादला २४ तासांत १२ इंचांहून अधिक पाऊस पडला होता. नदीच्या वरच्या अंगाला जुने, लहान तलाव शेकड्यांनी होते. त्यांतले दोनशेंहून जास्त फुटले, आणि एकाचं पाणी दुसऱ्यावर येत सगळं शहरावर आलं. सुमारे १५ हजार माणसं दगावली असं मानतात. अफझलगंजमधल्या एका चिंचेच्या झाडावर चढलेले दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड हैदराबादकर अजून दाखवतात. त्या काळी आदिलाबादही निजामाच्याच राज्यात. ही आपल्या राजधानीची कहाणी होती.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. १९०९ मध्ये ते आले. शहराभोवती भिंत बांधा, नदी रुंद करा, असे सल्ले सहज देता आले असते. त्यांनी आधी पाऊस मोजला. मुसीच्या खोऱ्यातल्या आणि आसपासच्या पावसाच्या नोंदी गोळा केल्या, पुराच्या खुणांवरून पाणी कुठपर्यंत चढलं ते काढलं, फुटलेल्या तलावांची मोजदाद केली, आणि यापेक्षा मोठा पाऊस पडू शकतो का, याचा विचार केला. उत्तर असं निघालं, की पूर शहरात अडवून उपयोग नाही. तो वरच अडवायला हवा. मुसी आणि तिला मिळणारी ईसी या नद्यांवर शहराच्या वर दोन जलाशय बांधावेत, असा त्यांनी सल्ला दिला. तेच पुढचे उस्मानसागर आणि हिमायतसागर. १९२० च्या दशकात दोन्ही पूर्ण झाले, आणि हैदराबादला अनेक दशकं पिण्याचं पाणीही तिथूनच मिळालं. पुढे शहराच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीही त्यांना पुन्हा बोलावलं गेलं.

म्हैसूर, आणि एक न मोजलेली गोष्ट

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंते झाले. १९११ मध्ये कावेरीवर कृष्णराजसागरचं काम सुरू झालं. सिमेंट तेव्हा सहज मिळत नव्हतं, म्हणून दगडी बांधकाम चुना आणि सुरखीत झालं. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. हजारो मजूर, रात्री दिवे लावून काम, आणि पावसाळ्याआधी ठरलेली उंची गाठायची धडपड.

१९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. या काळात म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, चंदन तेलाचा कारखाना उभा राहिला. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना डबघाईला आला, तेव्हा तो १९२३ पासून त्यांनी सावरला. दिवाणपद घेण्याआधी त्यांनी नातेवाइकांना बोलावून, माझ्याकडे शिफारस घेऊन येऊ नका, असं बजावल्याचं सांगतात. सरकारी कामाला सरकारी दिवा आणि खासगी कामाला स्वतःचा दिवा, ही गोष्टही सगळ्यांनी ऐकलेली. अशा गोष्टी सांगून सांगून थोड्या गुळगुळीत होतात. पण वेळ पाळणं, टिपणं आधी तयार ठेवणं, मसुदा पुन्हा पुन्हा दुरुस्त करणं, ही त्यांची शिस्त त्यांच्यासोबत काम केलेल्या अनेकांनी पाहिली होती.

त्यांच्याबद्दल फक्त चांगलंच लिहायचं तर एक भाग झाकावा लागेल. म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणांचा वाटा फार मोठा होता. ब्राह्मणेतरांना जागा मिळाव्यात म्हणून महाराजांनी १९१८ मध्ये मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे पटलं नाही. गुणवत्तेला धक्का लागेल असं त्यांचं मत होतं. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी दिवाणपद सोडलं. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, हे लक्षात घेतलं की हा फरक अधिक टोचतो. पाऊस इंचात आणि पूर फुटात मोजणाऱ्या माणसाने शाळेच्या दारापर्यंत पोहोचायला कुणाला किती चालावं लागतं, हे मोजलं नाही. ते स्वतः शिष्यवृत्तीवर शिकले होते. कुणीतरी पुढे केलेला हात त्यांच्याही वाट्याला आला होता.

ही गोष्ट आपल्या विषयाबाहेरची नाही. धरणांवर राबलेल्या हजारो माणसांपैकी आपल्याला किती नावं माहीत आहेत? पाण्याची, दगडाची, चुन्याची नोंद राहिली, डोक्यावर पाटी वाहणाऱ्या बाईची राहिली नाही. आज १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मजुरांची नोंदणी, कामाच्या जागी सुरक्षितता आणि मंडळामार्फत मदत यांची तरतूद केलेली आहे. म्हणजे आता हजेरीपटावरचं नाव नीट लिहिणं हेही इंजिनिअरच्या देखरेखीचं काम आहे. अपघात झाला तर त्या नावावरच घरच्यांना हक्क मिळतो.

शंभरीतला माणूस आणि फुटलेलं धरण

विश्वेश्वरय्या दीर्घायुषी. नव्वदी ओलांडल्यावरही बिहारमधल्या गंगेवरच्या पुलाची जागा ठरवायच्या कामात ते होते. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. एप्रिल १९६२ मध्ये ते गेले.

त्याच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत धरण फुटलं. काम पुरतं आटोपण्याआधीच त्यात पाणी अडवलं गेलं होतं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. पानशेतचा लोंढा खाली खडकवासल्यावर आला, आणि ज्या तलावावर साठएक वर्षांपूर्वी विश्वेश्वरय्यांनी दरवाजे बसवले होते, ते धरणही त्याच दिवशी फुटलं. पुणं बुडालं. तेव्हा ते बंगळुरूत शंभरीच्या घरात होते.

आदिलाबादचीही अशीच आठवण आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातला, आता निर्मल जिल्ह्यात गेलेला कड्डम प्रकल्प १९५८ मध्ये पुराने फुटला होता. जुलै २०२२ मध्ये तिथे पुन्हा क्षमतेपेक्षा जास्त पाणी आलं. १८ दरवाज्यांपैकी एक उघडलाच नाही. खालची गावं रातोरात हलवावी लागली. धरण त्या वेळी तगलं. पण पुराच्या रात्री दरवाजा उघडेल की नाही, हे पावसाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत ठरतं. कुणीतरी तो चालवून बघायचा असतो, तेल-ग्रीस द्यायचं असतं, बघितलं म्हणून तारीख टाकून सही करायची असते. हे काम कंटाळवाणं असतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मग उद्याचा दिवस कसा लावायचा?

आज आदिलाबादेत काम कमी नाही. पैनगंगेवर चनाखा-कोराटा बॅरेज आहे, ज्याच्यासाठी २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणाने करार केला. नागपूर-हैदराबाद महामार्ग जिल्ह्यातून जातो. शाळा, वसतिगृहं, पाण्याच्या टाक्या, घरं, सगळं चालू आहे. आपल्या मंडळातले कितीतरी जण पुढे अशा साइटवर उभे राहतील, कुणी इंजिनिअर म्हणून, कुणी हिशेबनीस म्हणून. विश्वेश्वरय्यांच्या चार सवयी आजच्या दिवसात बसवल्या तर साधारण असं दिसेल.

सकाळी काम सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोहोचावं. हातातलं ड्रॉइंग ताजं आहे ना, ते बघावं. जुन्या ड्रॉइंगवर बांधलेला कॉलम पाडण्यात दिवस जातो. मग एक फेरी. काल काय झालं, आज काय होणार, सामान किती आहे, कुठे खड्डा उघडा आहे, कुठे पालक सैल आहे. मजुरांना एकत्र करून पाच मिनिटं आजचं काम आणि त्यातला धोका सांगावा, तो त्यांच्या भाषेत. आदिलाबादेत याचा अर्थ तेलुगू, मराठी, गोंडी, आणि लांबून आलेल्या मजुरांसाठी हिंदी. हेल्मेट आणि उंचीवरच्यांचे पट्टे तेव्हाच बघून घ्यावेत.

काँक्रीट ओतायच्या आधी सेंटरिंग, टेकू, सळईचा व्यास आणि अंतर, कव्हर ब्लॉक आणि लेव्हल तपासून पोअर कार्डावर सह्या घ्याव्यात. सही झाल्याशिवाय मिक्सर सुरू करायचा नाही. ओतताना घट्टपणासाठी स्लंप बघायचा आणि क्यूब भरायचे. आयएस ४५६ प्रमाणे ५ घनमीटरपर्यंत किमान एक नमुना, ६ ते १५ पर्यंत दोन, १६ ते ३० पर्यंत तीन. क्यूबवर तारीख आणि जागा लिहायची, म्हणजे २८ दिवसांनी तो फुटला तर कुठल्या स्लॅबचा, हे शोधत बसावं लागत नाही. मे महिन्यात आदिलाबादचं ऊन काय असतं ते सांगायला नको. काँक्रीट पहाटे किंवा संध्याकाळी ओतावं, आणि अशा कोरड्या उन्हात साध्या सिमेंटचं क्युरिंग किमान १० दिवस सोडू नये. टेकू कधी काढायचे, तेही घाईवर नाही तर दिवसांवर ठरतं : साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४.

दुपारी मोजमाप. सरकारी कामात मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे एमबी म्हणतात, हा कायदेशीर कागद आहे. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. एक रेघ मारून, बाजूला बरोबर आकडा लिहून सही करायची. झाकलं जाणारं काम, म्हणजे पाया, सळई, जमिनीखालचा नळ, झाकण्याआधीच मोजायचं. नंतर ते कुणालाच दिसत नाही, भांडण मात्र राहतं.

संध्याकाळी साइट डायरी. आज किती माणसं होती, काय काम झालं, किती सामान आलं, पाऊस पडला का, कोण साहेब येऊन गेले, त्यांनी तोंडी काय सांगितलं. तोंडी सूचना त्याच रात्री लेखी करून पाठवावी, व्हॉट्सअॅपवर आणि रजिस्टरातही. मग उद्याच्या कामाची यादी. सामान संपायच्या दिवशी नाही, ते पोहोचायला जितके दिवस लागतात तितके दिवस आधी इंडेंट जायला हवा.

आठवड्यातून एकदा ठरल्याशी झालेलं ताडून बघावं, आणि मागे पडलो असू तर ते लपवू नये. उशीर आज कळवला तर त्यावर उपाय निघतो. तीन महिन्यांनी कळवला तर फक्त कारणं शोधली जातात.

एवढ्या सगळ्यात रोज एखादी गोष्ट राहून जाईल. साहेब घाई करतील, ठेकेदार सांगेल की एवढ्याशाने काय होतं, बाकीच्या साइटवर तर असंच चालतं. अशा वेळी पांझरेच्या काठावरचा तो नवखा सहायक अभियंता आठवावा. वाळूने भरलेला पाया बघून आधी त्याने कागद घेतला होता, आणि वर लिहून कळवलं होतं. मग बाह्या सरसावून पाण्यात उतरला होता.